धामणीची चुंबळ

"पोरगी वाईट न्हाई गं भागाक्का, पर तिचा पाय उंबऱ्याला लागला आन् कपिलेचं दूध आटलं. नागपंचमीला तिचा भाऊ न्यायला येईलच. जाऊ दे म्हणते. परत आणायची घाई करायची न्हाई."

हे बोलणं गोठ्याच्या भिंतीपलीकडून आलं. बोलणारी होती कोंडाबाई, त्या घरची मालकीण. ती जिच्याबद्दल बोलत होती ती तिची नवी सून तोळा भिंतीच्या अलीकडे कडब्याची पेंढी सोडत बसली होती. भिंत मातीची होती. मातीच्या भिंतीला कान असोत नसोत, फटी असतात.

"पायगुण कसला घेऊन बसलीस?" भागाक्का म्हणाली. ती शेजारीण. "धामण पीत असंल. तुझ्या गोठ्याच्या कुडाखाली परवाच बघितली म्या, ही अशी मनगटाएवढी. गाईच्या मागच्या पायांना येटोळं घालती आन् सड तोंडात धरती. मग गाय हलत न्हाई, हंबरत न्हाई."

"धामण घावली तर सोन्याहून पिवळं. मारून टाकू, इषय मिटला. पर धामण नसंल, तर मग सूनच हाय."

तोळाने पेंढी सोडली, गाईपुढे टाकली, हात झटकले. एवढं तिला कळलं की घराला चोर हवा आहे, आणि चोर म्हणून दोघी उभ्या आहेत. एक घळीतली धामण, दुसरी ती स्वतः. एकीवर ठपका आला की दुसरी सुटली.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, असं घळवाडीत विचारलंत तर म्हातारी माणसं घळीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "ही घळ तवा एवढी खोल नव्हती." तेव्हा मोजून घ्या.

घळवाडी होती घळीच्या काठावर, अगदी ओठावर. वर नुसता माळ. पाऊस त्या मुलखात वाट चुकला तरच यायचा. माळावर तरवड, हिवर आणि वाऱ्यानं वाकलेल्या बाभळी. आणि त्या माळाला मधोमध चीर पडलेली, काळ्या कातळाची, सरळ खाली गेलेली. तिच्या तळाशी वाकी नदी. नदी म्हणायची म्हणून म्हणायची. वर्षातला बहुतेक काळ ती वाळूची असायची. पण कधीतरी जोरात वाहून गेलेल्या पाण्यानं कातळात रांजणासारखे गोल खड्डे कोरले होते. त्या रांजणांत पाणी टिकायचं, उन्हाळा सरेस्तोवर टिकायचं. गावच्या बाया घागरी घेऊन कातळातल्या पायऱ्या उतरायच्या आणि नारळाच्या नरोटीनं पाणी भरून घ्यायच्या.

तोळाही त्यांच्यातली एक झाली होती. माघात लग्न होऊन आली. नाव तोळा आणि बोलणं गुंजभर. "सून आणलीय का मूर्ती बसवलीय?" असं बाया म्हणायच्या, आणि तोळा गालातल्या गालात हसायची. मुकी नव्हती ती. तिला बघायला आवडायचं, आणि बोलत बोलत बघता येत नाही असं तिचं मत होतं. घागर भरायला इतर बायांना जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात तिनं घळीतली सगळी ये-जा डोळ्यांत साठवलेली असे. कुठल्या कपारीत पारवे, कुठल्या सावलीत शेळ्या, आणि तिसऱ्या रांजणाच्या वरच्या कातळावर कोण.

तिथं धामण असायची.

चांगली पुरुषभर लांब. अंग ओल्या गवताच्या दोरीच्या रंगाचं, शेपटीकडे काळ्या आडव्या रेघांची जाळी, आणि डोळा मोठा, गोल, शहाण्या माणसासारखा. सकाळी ऊन खायची, ऊन चढलं की घळीच्या पायऱ्यांनी वर जायची. पायऱ्यांनी, हो. माणसासाठी कोरलेल्या पायऱ्या ती आपल्याच समजायची. आणि वर जाऊन वळायची कुठं? गोठ्याकडे नाही. गोठा डाव्या हाताला, धामण जायची उजव्या हाताला, पेवांच्या माळाकडे.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. घळवाडीचा मुरूम घट्ट, त्यात विहिरीसारखा खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, वर्षाची ज्वारी ओतायची, तोंडावर दगडी झाकण ठेवून माती लिंपायची. श्रावणात उघडायचं. तोवर आत काय आहे ते देवाला ठाऊक आणि उंदरांना. प्रत्येक पेवाच्या तोंडाशी उंदरांनी भोकं पाडलेली, आणि त्या भोकांतून धामण आत जायची, मग फुगलेलं पोट घेऊन बाहेर यायची आणि दगडावर पडून राहायची. जेवण झालं की तोळाचे सासरेही ओसरीवर असेच पडायचे. तिला दोघांचंही कौतुक वाटे.

म्हणून भागाक्काचं बोलणं ऐकून तोळाला हसू आलं. एक तर कपिला. पायावर माशी बसली तरी लाथ झाडणारी गाय, ती मनगटाएवढं येटोळं पायांना घालू देईल? आणि दुसरं म्हणजे धामणीचं तोंड. तोळानं ते जवळून बघितलं होतं. त्याला ना गाल ना ओठ. चोखणार कशानं?

पण हसू आलं तसं विरलं. धामण पीत नाही असं सिद्ध झालं, तर मग सूनच हाय.

कोंडाबाई दुष्ट होती असं समजू नका. ती घाबरलेली बाई होती. एकुलता एक मुलगा म्हसू, त्याचं लग्न जमता जमेना, तिनं महादेवाला नवस बोलला, "पोराचं लगीन होऊ दे, माझ्या कपिलेचं खोंड तुला सोडते." लग्न झालं. वरात दारात आली त्याच दिवशी तिनं खोंडाच्या गळ्यातलं दावं काढलं, कपाळाला भस्म लावलं आणि त्याला मोकळं सोडलं. देवाचं खोंड म्हणजे गावचं. त्यानं कुणाच्याही शेतात शिरावं, कुणाच्याही दारातलं खावं, त्याला कुणी हाकलायचं नाही, बांधायचं नाही, त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही. खोंडाला हे सगळं पहिल्याच आठवड्यात समजलं. ते चांगलं थोराड झालं. आणि इकडे कपिलेच्या दुधाची चरवी रिकामी राहू लागली.

भागाक्कानं धामण सांगितली ती कोंडाबाईनं पाटलांना सांगितली, आणि सटवाजी पाटलांच्या गाईचंही दूध उन्हाळ्यानं कमी झालं होतं, त्यामुळे त्यांना ते लगेच पटलं. चैत्रात दवंडी दिली गेली: धामण दिसेल तिथं ठेचायची. महादेवाच्या गळ्यात साप आहे हे गावाला ठाऊक होतं, पण तो नाग. नागाला लाह्या, धामणीला काठी, असा घळवाडीचा न्याय होता.

माणसं काठ्या घेऊन कपारी धुंडाळायला लागली. मारलेल्या धामणी गावकुसाच्या बाभळीवर टांगल्या. असं म्हणतात की ती बाभळ त्या वर्षी फुललीच नाही. कोंडाबाई रोज सकाळी चरवी घेऊन बसायची, आणि रोज चरवीच्या तळाला नुसती ओल.

"अजून एक हाय," पाटील म्हणाले. "तिसऱ्या रांजणावरची. ती म्होरकी. ती मेली की दूध वाहील बघा."

सकाळची वेळ होती. तोळा तिसऱ्या रांजणापाशी पाणी भरत होती. डोक्यावरची चुंबळ, म्हणजे घागर टेकायला फडक्याची केलेली वेटोळी, तिनं काढून कातळावर ठेवली होती. खालून वाळूतून आरोळ्या आल्या, वरून पायऱ्यांवरून आरोळ्या आल्या. घळीला दोनच वाटा, आणि दोन्हीकडून काठ्या येत होत्या.

धामण कातळावरून उतरली. तिनं एकदा मान उचलून खाली बघितलं, एकदा वर बघितलं. आणि मग, असं म्हणतात, ती सरळ तोळाकडे आली आणि त्या चुंबळीवर वेटोळं घालून बसली. एक वेढा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. तोंड आत घेतलं. फडक्याची चुंबळ कुठं संपते आणि धामणीची कुठं सुरू होते ते कळेना.

तोळाच्या हातात नरोटी होती. घागर काठोकाठ भरायला अजून थोडं पाणी हवं होतं. तेवढ्या वेळात तिनं विचार केला, आणि तो काही फार थोर विचार नव्हता. ती म्हणाली मनाशी, मी दोन पावलं बाजूला झाले तर ही मरते. ही मेली तर निदान वर्षभर मला कुणी काही म्हणत नाही. पंचमीला माहेरी जाईन, पंचमी सरली की परत येईन. म्हसूच्या भाकरीवर लोणी नसेल, पण भाकरी मीच थापेन.

म्हसू तिला आवडायला लागला होता. हेही ती कुणाला बोलली नव्हती.

मग तिला पेवांच्या माळावरची वाट आठवली, उजव्या हाताची. आपण बघितलं आहे, असं तिला वाटलं. बघणारीनं न बघितल्यासारखं केलं, तर मग बघायचं तरी कशाला?

तिनं घागर भरली. चुंबळ धामणीसकट दोन्ही हातांनी उचलली, डोक्यावर ठेवली, त्यावर पदर ओढला आणि त्यावर घागर. धामण गार होती, जड होती, आणि घागरीचं ओझं येताच तिनं अंग असं सावरलं की कधी नव्हे ती घागर डगमगली नाही. आणि तोळा पायऱ्या चढायला लागली.

पायऱ्यांवर माणसंच माणसं. पाटील, पाटलांचे भाऊ, भागाक्काचा नवरा, आणि सगळ्यांच्या पुढे म्हसू. आईसाठी त्यालाच सगळ्यांत जास्त घाई होती.

"वहिनी, धामण बघितली का?" कुणीतरी विचारलं.

तोळानं उत्तर दिलं नाही. ती कधीच देत नसे, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. गप्प राहण्याचा फायदा असा एकाएकी होतो.

"मुकीला काय इचारतोस?" दुसरा म्हणाला, आणि माणसं हसली.

ती म्हसूच्या समोर आली. तेवढ्यात धामणीची शेपटी सुटली. वेटोळ्याचं टोक पदराखालून निसटलं आणि तोळाच्या कानामागून खाली लोंबलं, वेणीच्या शेवटासारखं. काळ्या रेघांची जाळी. म्हसूनं ते बघितलं. त्याची काठी वर होती, तशीच वर राहिली.

नवऱ्यानं बायकोच्या डोळ्यात बघितलं. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि चारचौघांत एकमेकांकडे बघायची रीत नव्हती. त्यानं बघितलं.

"पदर सावर," म्हसू हळू म्हणाला. आणि मागं वळून मोठ्यानं ओरडला, "अरं, वाट द्या की! बायामाणसं पाणी घेऊन चाललीत, मधी काय उभं ऱ्हायलाय दगडासारखं!"

माणसं बाजूला झाली. तोळा दोन्ही बाजूंच्या काठ्यांमधून वर गेली, आणि असं म्हणतात की घागरीतलं पाणी थेंबभरही हिंदकळलं नाही. डोक्यावरची धामण प्रत्यक्ष बघितलेला माणूस एकच, आणि तो त्याबद्दल आयुष्यभर एक शब्द बोलला नाही. त्यामुळे ही हकीगत गावाला कळली कशी, असं इतक्यात विचारू नका. चांगल्या हकीगतीला पाय असतात.

वर आल्यावर तोळा उजव्या हाताला वळली. आपल्या घरच्या पेवापाशी तिनं घागर उतरवली, चुंबळ उतरवली. धामणीनं वेढे सोडले, मान उचलून तिच्याकडे बघितलं, आणि झाकणाशेजारच्या उंदराच्या भोकातून आत गेली. तोळानं भोकापुढे एक दगड असा आडवा लावला की वरून जाणाऱ्याला दिसू नये, पण आतलीला येता-जाता यावं.

खाली घळीत माणसं दुपारपर्यंत कातळ बडवत राहिली. शेवटी पाटलांनी एक जुनी कात काठीवर घेतली आणि "पळाली गावातनं," असं जाहीर केलं. धामणी संपल्या. दूध मात्र आलं नाही.

कोंडाबाई आता घरात मोठ्यानं काही बोलेना. सुनेच्या ताटात वाढताना हात जरा आखडता घेई, एवढंच. आणि एक दिवस तिनं सुनेच्या माहेरी निरोप धाडला: पंचमीला जरा लवकरच या.

तोळा बघत राहिली. वैशाखात एका दुपारी ती घळीत सरपण आणायला गेली होती. सगळं गाव पडलेलं, गुरं सावलीला. करंजाच्या झाडाखाली कपिला उभी होती, डोळे मिटून, निवांत. आणि तिच्या पोटाखाली देवाचं खोंड. ते इतकं मोठं झालं होतं की त्याला उभ्यानं जमेना. ते पुढचे दोन्ही गुडघे टेकून, मान वाकडी करून, कपाळाचं भस्म आईच्या मांडीला फासत, भक्तिभावानं दूध पीत होतं. शेपटी नुसती आनंदानं हलत होती.

तोळा मोळीवर बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं डोळे पुसले, कारण हसण्यासारखं फारसं नव्हतं. हे सांगायचं कुणाला? देवाचं खोंड चोर आहे, असं पायगुणानं बदनाम झालेल्या सुनेनं म्हणायचं? नवस कोंडाबाईचा, खोंड महादेवाचं. लोक म्हणाले असते, आता ही देवावर उलटली. तेव्हा तिनं ते शब्द आत ठेवले. पेवात ज्वारी ठेवतात तसे, तोंड लिंपून.

आणि गावात उंदीर झाले. आधी थोडे, मग दिवसाढवळ्या. ओसरीवरून धावायला लागले, झोपलेल्यांच्या टाचा कुरतडायला लागले. माळावर चालताना पायाखालची जमीन पोकळ वाजायची. पाटील म्हणाले, "उंदीर ह्या साली लई." कशामुळे लई, ते बाभळीवर वाळत टांगलेलं होतं, पण मान वर करून बघणार कोण?

पंचमीच्या आदल्या दिवशी पेवं उघडायची घळवाडीची रीत, कारण पंचमीला माती खणत नाहीत. झाकणं काढली, आतली कोंदट हवा जाऊ दिली, मग दोरीला पणती बांधून खाली सोडली. पणती विझली तर आत उतरायचं नाही, तेवत राहिली तर उतरायचं. पाटलांच्या पेवात पणती तेवत राहिली. पाटलांचा गडी उतरला आणि खालून नुसता त्याचा आवाज आला, "धनी, हिथं काय न्हाई!"

भुसकट होतं, लेंड्या होत्या. दाणा नव्हता. दुसरं पेव तसंच, तिसरं तसंच. बाया पेवांच्या काठावर बसून रडायला लागल्या. पुढचं पीक यायला सहा महिने, आणि पेरायला बीसुद्धा नाही.

शेवटी कोंडाबाईचं पेव राहिलं. म्हसूनं झाकण सरकवलं, पणती सोडली, आणि ती हातभर खाली जाते न जाते तोच पिवळंधमक चमकलं. ज्वारी काठोकाठ होती, शिगोशीग. असं म्हणतात की जेवढी ओतली होती त्याहून ती जास्त होती, आणि त्या दिवसापासून गावानं पोती भरभरून काढली तरी ती नव्या पिकापर्यंत सरली नाही. आणि त्या ज्वारीवर मधोमध धामणीची कात होती, वेटोळं घालून ठेवलेली, अखंड. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक टिकल्या. अगदी चुंबळीसारखी.

म्हसूनं ती कात कुणाला दिसायच्या आत पटक्यात खोवली. घरी आल्यावर ती बायकोच्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाला, "तुझी चुंबळ ऱ्हायली व्हती पेवात."

आता तुम्हाला वाटेल, सुनेचं नशीब उघडलं. छे! कोंडाबाई ओसरीवर उभी राहून सगळ्या गावाला सांगत होती, "बघा, म्या खोंड सोडलं देवाला, म्हणून देव पावला! साऱ्या गावाची पेवं गेली, माझं ऱ्हायलं. खोंडाची पुण्याई!" गाव मान हलवत होतं. खोंडाला गूळ चारला गेला. दूध गेलं ते सुनेमुळं आणि ज्वारी राहिली ती खोंडामुळं, असा हिशेब सगळ्यांना सोपा पडला.

आणि पंचमी उजाडली. सकाळीच तोळाचा भाऊ येसबा बैलगाडी घेऊन दारात आला. कोंडाबाईनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि म्हणाली, "न्या तुमच्या बहिणीला. ऱ्हाऊ द्या चार दिवस. चार म्हंजे चारच, असं न्हाई. आम्ही निरोप धाडू तवा आणा." येसबा भोळा माणूस, पण एवढं त्यालाही कळलं. तो पाण्याचा तांब्या हातात धरून बसला.

अंगणात पाट मांडला होता. पाटावर चंदनाचे नाग काढले होते. गावच्या बाया वारुळाला जायला निघण्याआधी तिथं जमल्या होत्या, लाह्या आणि दुर्वा घेऊन. पुरुष गाडीभोवती. तोळानं नवं लुगडं नेसलं, बोचकं बांधलं. इतर काहीच केलं नाही तिनं. फक्त त्या दिवशी तिनं कपिलेला घळीत सोडलं नाही. तिला आणून अंगणातल्या खुंट्याला बांधलं. कुणीतरी विचारलं, तर म्हसू म्हणाला, "सणाचा दिस हाय, गाय दारात असावी." त्याला कारण माहीत नव्हतं. बायकोनं दावं हातात घेतलं, तेव्हा त्यानं गाठ आवळली, एवढंच.

ऊन डोक्यावर आलं. खोंडाच्या जेवणाची वेळ झाली. ते घळीत जाऊन आलं असावं, करंजाखाली आई नाही हे बघून वर आलं असावं, कारण पायऱ्यांकडून त्याची हाक आली, आणि कपिलेनं इकडून उत्तर दिलं. गर्दीतून वाट काढत ते देवाचं खोंड अंगणात शिरलं. बायांनी त्याला नमस्कार केला. ते पाटाला वळसा घालून कपिलेपाशी गेलं, चंदनाच्या नागांसमोर, साऱ्या गावासमोर दोन्ही गुडघे टेकले, मान वाकडी केली आणि प्यायला लागलं. चुरूचुरू आवाज अंगणभर ऐकू आला. फेस त्याच्या हनुवटीवरून लाह्यांच्या परडीत ठिबकला.

भागाक्का आभाळाकडे बघायला लागली. पाटलांनी मिशा चाचपल्या. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं, कारण देवाच्या खोंडाबद्दल वाकडं बोलायचं नाही. "लीला हाय त्याची," एक म्हातारा पुटपुटला. कोंडाबाई रिकामी चरवी हातात धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग चरवीसारखा झाला होता.

तेव्हा तोळा पुढे झाली. बोचक्यातून कात काढली आणि पाटावर नागांच्या शेजारी चुंबळीसारखी मांडली. मग ती सासूकडे वळली आणि बोलली.

त्या दिवसापासून घळवाडीत धामण मारत नाहीत. पेवाचं तोंड लिंपताना एक भोक मोकळं ठेवतात, त्याला तोळाबाईची वाट म्हणतात, आणि भोकापुढे आडवा दगड लावतात. पंचमीच्या सकाळी गावच्या लेकीसुना गवताची नवी चुंबळ वळतात आणि त्या दगडावर ठेवून येतात. ती चुंबळ संध्याकाळपर्यंत हललेली असते, असं म्हणतात. वाऱ्यानं की कशानं, ते बघायला कुणी थांबत नाही. देवाला खोंड अजून सोडतात, पण आधी ते आईपासून तोडतात आणि दुसऱ्या गावच्या देवाला सोडतात.

आणखी एक रीत आहे, आणि तीच नव्या सुनांना सगळ्यांत आवडते. न्यायला आलेला भाऊ दारात उभा असताना सुनेनं वर्षभर मनात ठेवलेलं एक बोलणं मोठ्यानं बोलायचं, आणि सासूनं उलट बोलायचं नाही. हसायचं, नाहीतर रडायचं, पण उलट बोलायचं नाही. काही सुना बोलताना लाजतात, काहींना वर्ष पुरत नाही. त्यांना धीर यावा म्हणून गावची सगळ्यांत म्हातारी बाई आधी तोळाबाईचं बोलणं म्हणून दाखवते. शब्द तेच, आवाजाची चढ-उतार तीच, आणि शेवटी सगळं अंगण हसतं, कारण कोंडाबाईसुद्धा त्या दिवशी, चरवी खाली ठेवून, पदर तोंडाला लावून हसली होती, असं म्हणतात.

तोळा म्हणाली होती:

"आत्याबाई, मी उंबरा ओलांडला त्याच दिशी तुमी खोंडाचं दावं सोडलं. दूध कुणी प्यालं ते आता समद्यांनी बघितलं, आन् जवारी राखणारीला म्या माझ्या डोक्यावर बसवून आणलं व्हतं. दादा उन्हात गाडी जुंपून उभा हाय, तवा बिगीबिगी सांगा, माहेरी कुणाला धाडायचं, मला का खोंडाला?"